वाट्याचा हिशोब

सिंधुदुर्गातल्या इन्सुली गावातलं मोठं दुखणं बहुधा गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पोचतं. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली, की ती कर्करोगाची की जुन्या क्षयाचा व्रण, हा डॉक्टरांपुढचा प्रश्न. वय, विडी, गाठीचा आकार, तिच्या कडा यांवरून धोक्याचा अंदाज आता संगणकही करू शकतो. पण नुसत्या आकड्यावर कुणाच्या छातीत सुई कशी घालायची? आकड्यामागचं कारण दाखवणाऱ्या एका पद्धतीचं कूळ १९५३ सालात आहे.

त्या वर्षी लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञाने प्रश्न सोडवला तो वाटणीचा. रापणीचं जाळं सगळ्यांनी मिळून ओढलं, तर मासळीत कुणाचा हात किती? शॅप्लींचं उत्तर असं: गडी ज्या ज्या क्रमाने येऊ शकतात ते सगळे क्रम धरा, प्रत्येकाच्या येण्याने किती भर पडली ते मोजा आणि सरासरी काढा. तोच त्याचा न्याय्य वाटा. शॅप्लींना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

वैद्यकात कारणाची निकड या वाटणीवर बेतलेली पद्धत येण्याआधीच जाणवली होती. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून संगणकाने नियम काढला, की दमेकऱ्यांना मरणाचा धोका कमी! खरं तर दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात नेत, म्हणून ते वाचत. नियम वाचता येत होते म्हणूनच ही चूक सापडली. त्याच नोंदींवर शिकलेलं, अधिक अचूक, पण आतलं काही न दाखवणारं न्यूरल नेटवर्क संशोधकांनी रुग्णांवर वापरलं नाही. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

२०१७ मध्ये स्कॉट लुंडबर्ग आणि सू-इन ली यांनी शॅप्लींच्या वाटणीवरून मशीन लर्निंगचे अंदाज उलगडणारी पद्धत मांडली. तिचं नाव 'शॅप'. आता गडी म्हणजे रुग्णाची माहिती. गाठीच्या काटेरी कडांनी धोका किती वाढवला, कमी वयाने किती उतरवला, हे प्रत्येक रुग्णापुरतं वेगळं दिसतं. डॉक्टरला तिथं हरकत घेता येते.

मात्र हा हिशोब यंत्राच्या अंदाजाचा आहे, रोगाच्या कारणाचा नव्हे. शिवाय वाटा मिळतो तो नोंदलेल्यालाच. विडीला कधी हात न लावलेल्या, पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या कागदावर धुराचा रकानाच नसेल, तर शॅप त्या धुराला काहीच देणार नाही. तिला चुलीबद्दल आधी कुणीतरी विचारायला हवं.