भांगेचें बीं आणि कायद्याची वेस

सोनगीरचा किल्ला मुंबई–आग्रा रस्त्यावर पहारा करीत उभा आहे. पायथ्याचें गांव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं खानदेशांत प्रसिद्ध. भोंवतीं कपाशी-ज्वारीचा मुलूख. खानदेशांतील गृहिणीला अंबाडीची भाजी परिचयाची आहे. परंतु त्या अंबाडीचें पंजासारखें पान भांगेच्या पानाशीं किती जुळतें, हें थोड्यांच्याच लक्षांत येतें. लिनीअस या स्वीडिश पंडितानें १७५३ मध्यें भांगेला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हें नांव दिलें. अंबाडीच्या शास्त्रीय नांवांतही पुढें हेंच साम्य नोंदलें गेलें. इंग्रजी दप्तरांत तर ताग, अंबाडी आणि भांग या तिन्ही वनस्पतींना ‘हेंप’ म्हटलेलें आढळतें. म्हणून अभ्यासकानें आधीं झाडाची ओळख नीट करून घ्यावी.

ही ओळख आतां निकडीची झाली आहे. टपालाचीं तिकिटें जमवावीं, त्याप्रमाणें भांगेच्या निरनिराळ्या वाणांचीं बियाणीं जमविण्याचा छंद परदेशांत आहे, आणि त्याची वार्ता आपल्याकडील तरुणांच्याही कानीं आली आहे. ‘बीं म्हणजे गांजा नव्हे’ हा या छंदाचा आधार. तो कितपत पक्का आहे, हें इतिहासाला विचारावें.

गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथांत भांगेवर एक संवाद आहे. इंग्रजी अमलांत, १८९३ मध्यें, हिंदुस्थान सरकारनें या विषयावर कमिशन नेमलें. त्यानें १,१९३ साक्षी नोंदवून १८९४ मध्यें अहवाल दिला, आणि सरसकट बंदीऐवजीं कर व परवाने यांची शिफारस केली. त्या काळीं सातपुड्यापलीकडे खांडव्याच्या मुलुखांत सरकारी देखरेखीखालीं गांजा पिकत असे. गांजाचा शेतकरी नराचीं झाडें वेळींच उपटून टाकी. कारण मादीनें बीं धरलें, कीं मालाची प्रत उतरे. त्याला हवा असे तो फुलोरा. बीं लागे तें केवळ पुढील पेरणीपुरतें.

कायद्यांतही पुढें हाच भेद उमटला. जिनीव्हाच्या १९२५ च्या करारानें मादी झाडाचे वाळलेले फुलोरे तेवढे ‘हिंदी भांग’ ठरविले. अमेरिकेच्या १९३७ च्या कायद्यानें उगवणशक्ति मारलेलें बीं वगळलें. तेथें तें पाळीव पांखरांचें खाद्य होतें. १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि भारताचा १९८५ चा अमली पदार्थांविषयींचा कायदा, या दोहोंनीं बीं व पानें व्याख्येबाहेर ठेवलीं. मात्र तीं फुलोऱ्यासोबत असतां कामा नयेत.

येथपर्यंत छंदिष्टाचें म्हणणें खरें ठरतें. परंतु त्याच १९८५ च्या कायद्यानें परवान्यावांचून भांगेचें झाड लावण्यास मनाई केली आहे. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आणि दंड १ लाख रुपयांपर्यंत. झाडांच्या संख्येप्रमाणें तींत पायऱ्या नाहींत. परदेशाहून पेरणीचें बीं मागवावयाचें, तर २००३ च्या आदेशाप्रमाणें आयातीचा परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. खाण्याच्या बियांना २०२१ मध्यें आपल्या अन्नविषयक नियमांत जागा मिळाली, तीही किलोमागें मादक द्रव्याचा अंश ५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावा, या अटीवर. ब्रिटनमध्येंही बीं बाळगणें चालतें. परवान्यावांचून लागवड केली, कीं गुन्हा घडतो.

सोनगीरहून हाच रस्ता उत्तरेस तापी ओलांडून शिरपुराकडे व पुढें मध्यप्रदेशाच्या सीमेकडे जातो. शिरपूर तालुक्याच्या वनभागांत लावलेलीं गांजाचीं शेतें पोलिसांनीं अनेकदां उपटून नष्ट केलीं आहेत. बीं कोणी पुरविलें आणि पैसा कोणाच्या गांठीं गेला, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला जबाब द्यावा लागतो तो पेरणाऱ्याला. घरांतील तरुणानें कुतूहलानें या बियांविषयीं विचारलें, तर वडीलधाऱ्यांनीं त्याला दटावून गप्प बसवूं नये. हा सारा इतिहास त्याच्यापुढें ठेवावा. फुलोऱ्यापासून सुटें झालेलें बीं गांजाच्या व्याख्येंत येत नाहीं. पण तेंच बीं मातींत पडलें, कीं कायद्याची वेस ओलांडली जाते.