वर आल्यावरचे दुखणे

१८७२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणणारे मजूर नदीतळाशी, दाबाच्या हवेने भरलेल्या पेटीत धडधाकट असत. सांधे धरायचे, पाय लुळे पडायचे ते वर आल्यावर. डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनी टिपले, की पुन्हा खाली गेल्यास कळ थांबते. म्हणजे उतारा हीच रोगाची ओळख! त्यांनी दाबकक्ष सुचवला. त्या पुलावर तो झाला नाही. १८७८ मध्ये पॉल बेर यांनी कारण मांडले: दाब झपाट्याने उतरला, की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. १८९० च्या सुमारास हडसन बोगद्यावर अर्नेस्ट मॉयर यांनी दाबकक्ष उभारला आणि मृत्यू घटले. आजही स्कूबा पाणबुड्याचे निदान मुख्यतः प्रश्नांवरच ठरते: किती खोल, किती वेळ, दुखणे कधी सुरू झाले? मजुरांच्या दुखण्याने ही खूण आधीच सांगितली होती. ऐकायला उशीर झाला.