सोवळे रेशीम, ओवळा धोटा

आपल्याकडे साडीचा इतिहास लिहिला जातो तो काठापदराचा. असावली, बांगडीमोर, नारळी काठ, पेशव्यांचा आश्रय आणि येवल्याचे माग एवढे सांगून झाले की पैठणीचा इतिहास पुरा होतो. या इतिहासात कापड दिसते. त्या कापडाला कोणी शिवावे आणि कोणी शिवू नये याचा कायदा दिसत नाही. माझ्या मते आपल्या वस्त्रपरंपरेचा ताणा हा कायदाच आहे.

मला हे लिहावेसे वाटले ते एका साध्या प्रश्नामुळे. दसऱ्याच्या आधी आमच्या महाविद्यालयात पारंपरिक वेशभूषेचा दिवस होता. मी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून गेले. एका सहकारी बाईंनी आपुलकीनेच विचारले, “मॅडम, सणासुदीला पांढरं?” मी हसले. उत्तर एका वाक्याचे नव्हते. ते येथे देते.

प्रथम रेशमाविषयी. ब्राह्मणी आचारधर्मात सुती वस्त्र चटकन ओवळे होते, रेशमी वस्त्र सोवळे राहते. पूजेला, पंगतीला रेशमी मुकटा चालतो. म्हणजे माणसांप्रमाणे धाग्यांनाही वर्ण दिले गेले. हे रेशीम येते कोठून? विदर्भातली करवतकाठी साडी घ्या. अंगाचे आणि दोन्ही काठांचे बाणे वेगवेगळ्या धोट्यांनी चालवून ते एकमेकांत अडकवायचे, तेव्हा काठावर करवतीचे दात उमटतात. हिचे टसर भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होते. तिथे राखण करीत कोसा वाढवतो तो ढिवर. कोसा उकळला की आतला किडा मरतो आणि धागा सुटतो. जिवाच्या मरणातून निघालेला हा धागा देवघरात सोवळा, आणि महाराने विणलेला शेतातल्या कापसाचा धागा ओवळा! शुद्धता वस्तूत नसते, ती ठरवणाऱ्याच्या सोयीत असते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

होय, महाराने विणलेला. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींची जी नोंद प्रसिद्ध केली, तीत महारांचा एक धंदा म्हणून जाडेभरडे कापड विणणे नमूद आहे. माझ्या आजीच्या माहेरीही माग होता. रेशीमकाठी लुगडी विणायची कोष्ट्यांनी, जाडेभरडे विणायचे महारांनी. गुजरातेत तर अस्पृश्य मानलेल्या एका मोठ्या जातीचे नावच वणकर, म्हणजे विणकर. पण पाटणचा रेशमी पटोळा विणणारे साळवी निराळे. कोष्टी सुखात होता असे मी म्हणत नाही. गरिबी त्याच्याही घरी होती. परंतु त्याला पाणवठ्यावरून कोणी हाकलत नव्हते.

ज्यांच्या मागावर गावाचे कापड निघे, त्यांच्या स्वतःच्या अंगासाठी शास्त्राने काय नेमले? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेतांची वस्त्रे लावून दिली आहेत. गावगाड्याने मढ्यावरच्या कापडाला महाराचा ‘हक्क’ म्हटले. अपमानाला हक्क म्हणण्याची ही भाषा अद्याप पुरती गेलेली नाही.

मग गिरण्या आल्या. नागपुरात १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईत त्याआधीच भोंगे वाजू लागले होते. यंत्राला जात कळत नाही, असे म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांनी ते खोटे पाडले. कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या थुंकीने धोटा बाटेल, म्हणून साळखात्यात, जिथे मजुरी अधिक होती तिथे, त्याला मज्जाव होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मुंबईचा महार बहुधा कोकणातला आणि घाटावरचा. त्याच्या घरी माग नव्हता हे खरे. पण त्याला अडवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाच्या घरी तरी तो कुठे होता? विदर्भात पिढ्यान्पिढ्या धोटा चालवणाऱ्या जातीला मुंबईत धोट्याला तोंड लावण्याची बंदी! वर्गाची एकजूट थुंकीच्या एका थेंबापाशी अडली.

विणण्याची ही कथा, तर नेसण्याची आणखी निराळी. लुगडे किती खाली यावे यावरूनही जात ओळखली जाई. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे वरिष्ठ म्हणवणाऱ्या बायकांप्रमाणे घोट्यापर्यंत नेसा आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाका. मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत निऱ्यांचा प्रश्न निघाला. मला यात विसंगती दिसत नाही. ग्रंथातला कायदा बाईच्या पायापर्यंत पोहोचलेला होता, तो तिथूनही काढावा लागणार होता.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. त्या दिवशी दसरा होता. नागपुरात लाखो माणसे पांढरी वस्त्रे लेवून धम्मदीक्षेला आली. माझी आजी तेव्हा पोरसवदा होती. तिनेही पांढरे लुगडे नेसले होते. ज्यांना प्रेताचे कापड नेमून दिले होते त्यांनी अशुभ मानलेला पांढरा रंग आपल्या सणाचा केला. बाई, माझी पैठणी ती हीच.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. माझी ती साडी यंत्रमागाची होती. पणजोबांचा माग कधीच मोडला, त्याची फणीदेखील घरात उरली नाही. आमच्या मुलींना पैठणीचे मोर ठाऊक आहेत, आपल्या घरात माग होता हे ठाऊक नाही. खळ, फणी, कांडी, धोटा हे शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून सापडतात. तरुणांनी ते आताच लिहून घ्यावेत. नाहीतर पुढचा इतिहासही काठापदराचाच लिहिला जाईल.