यंत्राची जबानी

बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे असलेल्या बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यात, जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ साली वाफेच्या यंत्राच्या सिलिंडराला एक लहान दट्ट्या, स्प्रिंग व पेन्सिल जोडून, यंत्राच्या गतीबरोबर सरकणाऱ्या कागदावर वाफेच्या दाबाची रेषा उमटवून घेतली, तेव्हा केवळ कारागिराच्या कानावर आणि अदमासावर यंत्र जुळविण्याचा जमाना संपुष्टात येऊ लागला. त्या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे एका फेऱ्यात वाफेने केलेले कार्य. आणि आरंभीची चढती रेषा उभी न राहता तिरकी पडली, तर झडप उशिरा उघडते आहे हे यंत्र न खोलताच समजे. या विद्येचे व्यापारी मोल जाणून त्या पेढीने हे उपकरण दीर्घकाळ गुप्त राखले.

परंतु यंत्राने स्वहस्ते लिहून दिलेली जबानीही जशीच्या तशी ग्राह्य धरता येत नाही, हा धडा लवकरच मिळाला. यंत्रांचा वेग वाढला, तसे त्या दट्ट्याचे व स्प्रिंगेचे स्वतःचे कंप रेषेत मिसळू लागले आणि वाफेचे वर्तन कोणते व उपकरणाची थरथर कोणती, याचा निवाडा करणे दुर्घट झाले. १८६२ च्या सुमारास चार्ल्स रिचर्ड्‌स या अमेरिकनाने ताठ स्प्रिंग व हलके भाग योजून, दट्ट्याची अल्प हालचाल दांड्यांच्या जुळणीने मोठी करून दाखविली, तेव्हा कोठे वेगवान यंत्रांची साक्ष विश्वसनीय झाली.

पुढे पेट्रोलच्या मोटारी आल्या, पण रस्त्यावरील मेस्त्रीपाशी पुरावा उरला तो स्पार्क प्लगच्या रंगाचा. पूर्ण वेगात असताना इग्निशन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवावी, प्लग काढून पाहावा, काजळी धरली असेल तर कार्ब्युरेटरमधील इंधनाचा जेट लहान करावा आणि पांढरा फटफटीत पडला असेल तर मोठा, असा हा रिवाज होता. त्यात एका क्षणाचा दाखला मिळे, संपूर्ण प्रवासाचा नव्हे. अमेरिकेतील धूरविषयक कायद्यांच्या रेट्यामुळे १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक ही विद्युत् इंधनयोजना आली, १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत धुरातील प्राणवायू जोखणारा लॅम्डा सेन्सर आला, आणि १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीत बॉशच्याच मोट्रॉनिक या नियंत्रकाने इंधन व ठिणगी या दोहोंची कोष्टके एकाच अंकीय स्मृतीत नोंदविली.

या कोष्टकालाच मॅप म्हणतात: एका बाजूस इंजिनाचे मिनिटागणिक फेरे, दुसऱ्या बाजूस त्यावरील भार, आणि प्रत्येक घरात त्या अवस्थेला योग्य असा आकडा. २००१ साली ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो या अमेरिकन हौशी तंत्रज्ञांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जोडून घेण्याचा इंजिन-नियंत्रक लोकांपुढे ठेवला, आणि जे काम आजवर कारखान्यांच्या चाचणीगृहांत चाले, ते सामान्य मालकाला प्रत्यक्ष रस्त्यावर सेन्सरांनी नोंदविलेल्या रोजनाम्यावरून करता येऊ लागले. रीत गणिताची व सरळ आहे. इंधनाच्या कोष्टकातील एखाद्या घरातील आकडा ६०, तेथे हवा व इंधन यांचे इष्ट प्रमाण १२.५, आणि नोंदीत ते १४ आढळले, तर मिश्रणात इंधन अपुरे आहे; म्हणून ६० ला १४ ने गुणून १२.५ ने भागावे, म्हणजे ६७.२ हा सुधारित आकडा येतो.

येथेही रिचर्ड्‌सच्या काळचाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. इंजिन थंड असतानाच्या नोंदी, थ्रॉटल एकाएकी दाबल्याच्या वा सोडल्याच्या नोंदी बाद कराव्या लागतात. शिवाय धूर सिलिंडरातून सेन्सरापर्यंत पोहोचण्यास काही अवधी लागत असल्याने, त्या अवधीइतके मागे जाऊनच नोंद तिच्या खऱ्या घरात घालावी लागते. ज्या घरांत गाडी कधी गेलीच नाही, त्यांविषयी दप्तर मूक असते. तेथे शेजारच्या घरांवरून बांधलेला तर्कच उरतो. आणि ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हे तर प्राणवायूचा सेन्सर सांगूच शकत नाही. त्यासाठी चाकावरील बळ मोजावे लागते व सिलिंडरातील ठोका ऐकावा लागतो. दोनशे वर्षांत यंत्र अधिकाधिक बोलके झाले खरे, परंतु कोणत्या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारावा, हे ठरविण्याचा अधिकार आणि जबाबदारी अद्यापि जुळविणाऱ्याकडेच आहे.