पंडिता रमाबाई आणि मंडईतली मराठी

पहाटे पुण्याच्या मंडईत गेलात, तर भाजीच्या पाट्या उतरता उतरता जी मराठी कानांवर येते, ती पुस्तकात सहसा सापडायची नाही. सरळ, नेमकी, एका दमात कळणारी. धर्मग्रंथ याच बोलीत यावा, असा ध्यास पुण्यात राहून गेलेल्या एका विदुषीने घेतला होता. त्या पंडिता रमाबाई.

ही मंडई १८८६ साली उघडली, तेव्हा बाई परदेशात होत्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात गहजब उडाला. मंडईला पुढे ज्यांचे नाव मिळाले, त्या जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांचा कैवार घेतला.

आता गंमत पाहा. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या, कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरलेल्या या बाईंना ख्रिस्ती मत बुद्धीने पटले होते. पण जिवाला स्वस्थता नव्हती. १८९१ च्या सुमारास, शारदासदन मुंबईहून पुण्यास आणल्यावर, त्यांच्या ध्यानात आले की आपण धर्म स्वीकारला, ख्रिस्तावर विसंबलो मात्र नाही. मग वादविवाद बाजूला ठेवून, लेकराने आईचा पदर धरावा तसा त्यांनी भरवसा टाकला. विद्वत्तेच्या मानाने गोष्ट किती साधी!

त्याची किंमतही पडली. मुली धर्मांतराकडे वळतात, या वादात १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. पालकांची धास्ती अगदीच अनाठायी होती, असे मला म्हणवत नाही. मुली सदनात घातल्या होत्या त्या शिकण्यासाठी. पण बाई डगमगल्या नाहीत. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेलेले. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. दौंडच्या वाटेवर केडगावास विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले. मुक्तिसदन उभे राहिले.

मग अक्षरओळख झालेल्या या मुलींना बायबल कळेना. संस्कृत शब्दांवरच अडखळत. बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध ग्रंथ सोप्या मराठीत उतरवला. वर्षानुवर्षे हे काम चालले. संस्कृतात वाढलेल्या बाईंनी संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत! ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायका सदनातल्याच होत्या.