गेन्सबरोने रंगवलेली गायिका

आज एका इंग्रज गायिकेच्या दोन चित्रांची हकीकत सांगायची आहे.

तिचे नाव एलिझाबेथ लिन्ले. जन्म १७५४ चा. इंग्लंडात बाथ म्हणून गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे, म्हणून धनिकांची ये-जा फार. वडील टॉमस लिन्ले गाण्याचे शिक्षक. ते मैफली भरवीत आणि पोरगी लहानपणापासून त्यांत गाई. तिच्या गळ्यामुळे घरात पैसा येई.

चित्रकार टॉमस गेन्सबरो तेव्हा त्याच गावी राहत असे. स्वतः वाद्य वाजवणारा, लिन्ले कुटुंबाचा स्नेही. १७७२ च्या सुमारास त्याने एलिझाबेथ आणि तिची धाकटी बहीण मेरी यांचे जोडचित्र काढले. ते आता लंडनला डलिचच्या चित्रशाळेत आहे. त्यात गिटार आहे, स्वरलिपीचे कागद आहेत. पाहणाऱ्याला चटकन कळते, या गाणाऱ्या पोरी.

त्याच सुमारास एक विवाहित कॅप्टन एलिझाबेथच्या मागे लागला होता. त्याच्या जाचाला कंटाळून ती रिचर्ड शेरिडन नावाच्या तरुणाबरोबर फ्रान्सला निघून गेली. शेरिडन त्या कॅप्टनशी दोनदा तलवारीने लढला. १७७३ मध्ये दोघांचे लग्न झाले, आणि नवऱ्याने तिचे पैसे घेऊन जाहीर गाणे बंद केले. सभ्य गृहस्थाची बायको बिदागी घेत नाही, ही त्या काळची समजूत! घरात चणचण होती, तरी आलेली आमंत्रणे परतवली. आपल्याकडेही असे ऐकल्यासारखे वाटते, नाही का? पुढे शेरिडन नाटककार झाला, ड्रूरी लेन नाटकगृहाचा भागीदार झाला. तिथले हिशेब ही बाई सांभाळी.

हाच शेरिडन फेब्रुवारी १७८७ मध्ये पार्लमेंटात वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध पाच तासांहून अधिक बोलला. अवधच्या बेगमांचा खजिना लुबाडल्याचा तो आरोप होता. नवऱ्याच्या वाणीने लंडन गाजले.

त्याच दिवसांत, म्हणजे १७८५ ते १७८७ या काळात, गेन्सबरोने तिला पुन्हा रंगवले. सात फुटांहून उंच असे हे चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. झाडाखाली खडकावर ती एकटीच बसली आहे. तिचे केस, गळ्याची तलम ओढणी, झाडाची पाने, सारे वाऱ्यावर हलतेसे वाटते. कुंचल्याचे फटकारेही तसेच सैल, भराभर मारलेले. वाद्य नाही, कागद नाही. चित्र सुंदर आहे, यात शंका नाही. मला मात्र ते जुने जोडचित्र अधिक बोलके वाटते.

१७९२ मध्ये क्षयाने ती गेली, वयाच्या ३७ व्या वर्षी. त्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते, तेव्हा तो गळा काही आपल्या कानी पडायचा नाही. शिक्षकांना छापील प्रती मिळाल्या, तर दोन्ही चित्रे शेजारी मांडून मुलांना विचारावे, यांतली गाणारी बाई कोणती?