तळटीप १४ : बेलमन-झादे नियम

१४. बाकूत जन्मलेले आणि बर्कलीला शिकवणारे लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये फझी संच मांडला. त्यात घटक नुसता ‘आहे’ किंवा ‘नाही’ नसतो. त्याला ० ते १ यांमधले सदस्यत्व मिळते. ‘खर्च साधारण १० लाखांच्या आत’ ही अट घ्या : १० लाखांना १, १२ लाखांना ०, मधल्या ११ लाखांना ०.५. (हे आकडे माणूसच ठरवतो, गणित नव्हे.)

रिचर्ड बेलमन यांच्यासह १९७० च्या लेखात झादे यांनी उद्दिष्ट आणि अट यांना एकाच पंक्तीला बसवले. प्रत्येक पर्यायाचे सर्वांत कमी सदस्यत्व पाहायचे; ते ज्याचे सर्वाधिक, तो पर्याय निवडायचा. मजकुरातला ‘लंगडी बाजू’ हा उल्लेख याच किमान सदस्यत्वाचा. पुढे हान्स-युर्गेन त्सिमरमान यांनी हा नियम रेषीय प्रोग्रॅमिंगमध्ये वापरला.